आवाज कसला, ते विचारायचं नाही

इमारतीत सगळे त्याला तराजू म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं. चार मजल्यांच्या त्या भाड्याच्या इमारतीचा तो व्यवस्थापक. मालक परगावी, त्यामुळे घर कुणाला द्यायचं आणि कुणाला काढायचं, सगळं याच्या हातात. अशा खुर्चीवर बसलेल्याला शिंगं फुटायला वेळ लागत नाही. याला मात्र फुटली नाहीत.

त्याचं कारण त्याच्या लहानपणात होतं. बाप कातडी कमावण्याच्या कारखान्यात कामाला. कितीही घासून आंघोळ केली तरी अंगाचा वास जायचा नाही. बापाचं बोट धरून हा भाड्याची घरं बघायला जायचा. दार उघडणारा माणूस आधी नाक मुरडायचा आणि मग गोड आवाजात म्हणायचा, "अरेरे, जागा कालच गेली हो." अशा कितीतरी जागा काल गेल्या. तेव्हाच याने मनाशी ठरवलं होतं, की आपल्या हातात कधी किल्ल्या आल्या, तर माणसाचं आडनाव, कपडे, रंग, वास काही बघायचं नाही. भाडं वेळेवर आणि घरात शांतता, एवढंच मागायचं.

शांततेचा नियम त्याने स्वतः पाटीवर रंगवून जिन्यापाशी लावला होता. आवाजाच्या तीन तक्रारी आल्या, की घर रिकामं करायचं. नियम सगळ्यांना सारखा. आणि त्यातली खरी मेख अशी, की आवाज कसला होता हे तो कधीच विचारायचा नाही.

"एकदा विचारलं की डावं-उजवं सुरू झालं," तो बायकोला सांगायचा. "मग याचं गाणं गोड लागतं आणि त्याचं पोर रडकं वाटतं. मग मी कसला तराजू?"

"तराजूला कान नसतात, तुम्हाला आहेत," बायको म्हणायची.

बायकोचं ऐकायची त्याला सवय नव्हती. बऱ्याच शहाण्या माणसांना नसते.

तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहायची, सोबत नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. नवरा गोदामात कामाला, जिन्यात भेटला की हसून चौकशी करणारा. एके दिवशी त्यांच्या खालच्या घरातला निवृत्त कारकून आला आणि म्हणाला, "वरून आवाज येतो हो." तराजूने मान डोलावली. पहिली तक्रार. काही दिवसांनी कारकून पुन्हा आला, तोंड वाईट करून. दुसरी.

मग मात्र तराजू स्वतः वर गेला. मनाने चांगलाच होता तो. बाई मशीनवर वाकली होती.

"ताई, दोन झाल्या," तो हळूच म्हणाला. "तिसरी आली तर माझ्या हातात काही राहणार नाही. मुलीची शाळा जवळ आहे तुम्हाला. घर घालवू नका."

"दादा, तो आवाज म्हणजे..."

"नको, कसला ते सांगूच नका. मी कुणालाच विचारत नाही."

बाई मशीनमधलं कापड सरळ करत म्हणाली, "आता नाही येणार आवाज."

आणि खरंच नाही आला. वर्षभर त्या घरातून टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही. तराजू येता-जाता बाकीच्यांना सुनावायचा, "शिका जरा त्यांच्याकडून!" पुढे नवऱ्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला काम मिळालं आणि त्यांनी घर सोडलं. तिकडच्या घरमालकाने फोन करून विचारलं, माणसं कशी आहेत? "डोळे झाकून घर द्या," तराजू म्हणाला. "आत माणसं राहतात हे कळतसुद्धा नाही." एवढी शांतता राखता कशी, असं त्या मालकाने विचारलं, तेव्हा याने मोठ्या हौसेने आपला नियमही सांगितला.

रंगकाम काढण्याआधी तो रिकामं घर बघायला गेला. दाराच्या कड्यांना चौकड्यांच्या कापडाचे तुकडे गुंडाळून नीट टाके घातलेले. कपाटाच्या दारांना आतून चिंध्या. आतल्या खोलीच्या भिंतीला जुनी गोधडी ठोकलेली. केवढी काळजी घेतली बाईने, असं कौतुक त्याच्या मनात आलं. मग त्याने न्हाणीघराचं दार लोटलं. दारामागे खिळ्याला एक जाड, घडीवर घडी घालून शिवलेली कापडी गुंडाळी टांगलेली होती. तिच्यावर दातांचे खोल वण होते आणि तपकिरी डाग. तिच्या खाली, लहान मुलीच्या हाताला येईल अशा उंचीवर, तशीच एक छोटी.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, हे तो स्वतः उठता-बसता म्हणायचा, पाणीपट्टी वाढली तरी म्हणायचा. आता त्याने ती छोटी गुंडाळी खिळ्यावरून काढून हातात घेतली.

ती तशीच घेऊन तो कारकुनाच्या दारात गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने विचारलं, "आवाज कसला होता?"

"अहो, मारायचा तो तिला. वाचवा, वाचवा म्हणून ओरडायची," कारकून म्हणाला. "मला भांडणात पडायची भीती. तुम्ही काही कराल म्हणून तुमच्याकडे आलो, दोनदा आलो. तुम्ही विचारलंच नाहीत."

त्याच दिवशी तराजू शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. वाटेत तो शब्द जुळवत होता. ताई, ओरडा, घर जाणार नाही. ताई, माझ्या इमारतीत परत या, भाड्याचं बघू. पण नव्या इमारतीच्या जिन्यापाशी नवीकोरी पाटी होती आणि तिच्यावर त्याचाच नियम, त्याच्याच शब्दांत.

त्याने बेल दाबली. दार जराही न वाजता उघडलं. कडीला तेच चौकड्यांचं कापड होतं.

बाईने त्याला ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला. मागे उभ्या मुलीने पटकन स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"दादा," बाई कुजबुजली, "इथेही आवाज बाहेर गेला का आमचा?"