शेवटची वीतभर शिवण: जालंधर ते रायपूर आणि परत

मास्टरजींनी शेवटची शिवण पुन्हा माझ्या हातातून काढून घेतली, त्याच दिवशी मी रायपूरचं तिकीट काढलं. रागाने नाही. जिद्दीने.

मी जालंधरला रग्बीचे बॉल शिवतो. आठवीत शाळा सोडली, घरी रायपूरला बाबांनी ते स्वतः काम करायचे त्या सिलतराच्या लोखंडाच्या प्लांटमध्ये चिकटवायचं ठरवलं, मी इकडे पळून आलो. रग्बीच्या बॉलला चार पाकळ्या असतात. वरून दाणेदार रबर, खाली कापडाचे थर एकावर एक चिकटवलेले. कडेला आधीच भोकं पाडलेली असतात. मेण लावलेला एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर काढायच्या. हे सगळं उलट्या बाजूने. मग बॉल सुलटा करायचा, आत ब्लॅडर घालायचं आणि राहिलेली वीतभर फट बाहेरून बंद करायची. आमच्या कारखान्यात ती फट फक्त मास्टरजी, म्हणजे आमचे मुख्य कारागीर, बंद करतात. दोन वर्षं मी बाकीचं शिवून बॉल त्यांच्यापुढे सरकवतो आहे.

माझी बहीण प्राची रायपूरला रग्बी खेळते. रविवारी महासमुंदच्या पोरींसोबत तिची मॅच होती आणि तिच्या टीमच्या एकुलत्या एक बॉलला टेंगूळ आलेलं. मी फोनवर बोलून बसलो, "बॉल मी आणतो. पूर्ण माझ्या हातचा."

छपाई फिसकटलेल्या चार पाकळ्या आणि एक ब्लॅडर मास्टरजींनी दिलं. बुधवारी गाडीत बसलात की शुक्रवारी रायपूर. स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत येतं, पण महिनाभर आधी काढा. मला साइड लोअर मिळाला तो नशिबाने. पाकळ्या पकडून ठेवायचा शिकंजा नव्हता, म्हणून पाकळ्या गुडघ्यांत दाबून शिवत बसलो. समोर गोंदियाच्या एक काकू होत्या.

"काय शिवून राहिला रे, उशी?"

"नाही काकू, बॉल."

त्यांनी वाकून बघितलं. "असा लांबोडा? उसव बाबू, चुकला तू."

अख्खा डबा हसला. नागपूरला त्यांनीच मला संत्री सोलून दिली, माझे हात मेणाने चिकट म्हणून. नागपूरनंतर जेवणाच्या भरवशावर राहू नका, डबा ठेवा. रायपूरला उतरलात की स्टेशनबाहेर गरम पोहे आणि जिलेबी खा, मगच आमच्या तेलीबांध्याची ऑटो धरा. ऑटोवाला भैया पाहुणा समजून दुप्पट सांगतो. "हव, जानथौं", म्हणजे हो, माहीत आहे, असं म्हटलं की आपोआप खाली येतो.

शनिवारी अंगणात बसून मी ती फट बंद केली. वीस टाके, गाठ आत ढकलली, पंप मारला. एकदम ऐटदार दिसला. बादलीत बुडवला तर बुडबुडे. थांबेचनात. सुई ब्लॅडरमध्ये गेली होती.

बाबा खुर्चीवरून म्हणाले, "याच्यासाठी गेला होता का एवढ्या दूर?"

प्राची म्हणाली, "रहने दो ना दादा, पुराने से खेल लेंगे."

मी टाके उसवले. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सायकलवाल्याकडून ब्लॅडरला पंक्चर लावून आणलं. परत शिवायला घेतलं आणि हात तिथेच थांबला. मास्टरजी बंद करताना मी दोन वर्षं त्यांचा उजवा हात बघितला होता, सुईचा. डावा काय करतो ते बघितलंच नव्हतं.

बाबा उठून आत गेले आणि स्टीलचा चमचा घेऊन आले. "दांडी आत घाल. आतलं ब्लॅडर खाली दाबून ठेव."

"एका हाताने कसं होईन, बाबा?"

"मंग मी धरतो ना."

सिलतराच्या भट्टीपुढे तीस वर्षं काढलेला माणूस. चमचा जरासुद्धा हलला नाही. प्रत्येक टाक्याला म्हणत होते, "हं. हं." संध्याकाळी बॉल बादलीत घातला. तिघंही वाकून बघत होतो. पाणी शांत.

मॅच सकाळी सातला. आमच्या पोरी हरल्या, खोटं काहून सांगू! पण बॉल शेवटपर्यंत कडक राहिला. प्राची घामाघूम होऊन आली. "दादा, किक मारली का थोडा डावीकडे जाते."

"दोरा एका हाताने जास्त ओढला जाते माझा."

"तो ठीक करो न उसको! पुढच्या बॉलमध्ये."

बाबा स्टेशनवर सोडायला आले. सिलतराचं नाव काढलं नाही. फलाटावर एवढंच म्हणाले, "चमचा घेतला का?"

जालंधरला परतून आठवडा झाला. सोमवारी मास्टरजी फट बंद करत होते, मी पहिल्यांदा त्यांचा डावा हात बघितला. अंगठा आत खुपसून ब्लॅडर दाबतात. नखाखाली सुयांच्या जुन्या खुणाच खुणा. त्यांनी दुसरा बॉल उचलला तेव्हा मी खिशातून चमचा काढला.

"ये मैं बंद करूँगा."

"और हवा निकली तो?"

"खोलके फिर सिऊँगा."

मास्टरजींनी चमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बॉल माझ्या गुडघ्यांवर ठेवला.