वरून ओतलेलं पाणी

"गुडघ्यावर बस," पाळकसाहेब माइकमध्ये म्हणाले. "पाहुण्यांना दाखव, तू कसा पीत होतास ते."

मी बसलो. हॉल भरलेला. पुण्याहून आलेले पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर, मोबाइल वर धरून. पाळकसाहेबांनी टेबलावरचा तांब्या उचलला आणि माझ्या डोक्याच्या वर नेला. तांब्यात पाणीच होतं. पण धार सुरू झाली आणि माझे दोन्ही हात आपोआप पुढं आले. ओंजळ झाली. तोंड ओंजळीला लागलं. पाणी कोपरावरून ओघळून शर्टात गेलं.

"जनावर होता हा!" पाळकसाहेब म्हणाले. "प्रभूनं याला माणूस केलं."

टाळ्या. एक बाई डोळे टिपत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "पुन्हा एकदा करा ना, व्हिडिओ नीट नाही आला."

पुन्हा एकदा केलं.

त्या बाईंना, त्या पाहुण्यांना काय कळणार ओंजळ म्हणजे काय. त्यांना वाटलं, दारुडा असाच पितो. पाळकसाहेबांनाही तसंच वाटलं असेल, किंवा वाटून घेणं सोयीचं पडलं असेल. कोणताही दारुडा असा पीत नाही. दारुडा बाटली तोंडाला लावतो, ग्लास धरतो, काहीच नसलं तर प्लास्टिकची पिशवी दातानं फोडतो. ओंजळीनं पितो तो मांग. आणि तो नुसती दारूच नाही, पाणीही तसंच पितो.

माझं गाव येरमाळ्याच्या बाजूला. आम्ही हलगीवाले. लग्नाची वरात असो, देवीची पालखी असो, नाहीतर मयत, हलगी पुढं आणि गाव मागं. वरात निघायच्या आधी हलगीवाल्यांना पाजायचं, ही गावाची रीत. पाजलं की वाजवणारे थकत नाहीत, मध्येच खायला मागत नाहीत. पाजायचे बापू. गावातले मोठे शेतकरी, दारात ट्रॅक्टर, ओट्यावर बैठक. ते स्वतः उभे राहून वरून ओतायचे आणि आम्ही रांगेनं खाली बसून ओंजळी धरायचो. नवरदेव आमच्या तालावर घोड्यावर चढायचा, बायका आमच्या तालावर नाचायच्या. फक्त ग्लासाला आमचा हात चालायचा नाही. बापूंचं मन मोठं, असं सगळं गाव म्हणायचं. मन मोठं आणि तांब्या उंच.

मिसरूड फुटायच्या आत मी त्या रांगेत बसलो. बापाच्या शेजारी. बापूंनी विचारलं, "पोरगं बी वाजवतंय व्हय?" बाप हसला आणि माझी ओंजळ वर केली. पुढं वरात नसली तरी मला दारू लागायची. बाप त्यातच गेला. मीही निघालोच होतो. बायकोनं माझं गाठोडं बांधलं आणि एसटीनं धाराशिवच्या बाहेर पाळकसाहेबांच्या व्यसनमुक्ती केंद्रात आणून टाकलं.

तिथं मला पाळकसाहेबांनी वाचवलं नाही, हे आधी सांगतो. ते ऑफिसात असत. मला वाचवलं शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं. येडशीचा, मराठ्याच्या घरचा, त्याची स्वतःची दारू कधीच सुटलेली, तरी तिथंच राहून दुसऱ्यांचं करायचा. माझे हात इतके कापायचे की चहा ओठापर्यंत जाईना. त्यानं ग्लास माझ्या तोंडाला लावला. अर्धा चहा राहिला, तो त्यानं स्वतः पिऊन टाकला. माझा उष्टा.

मी म्हणालो, "म्या मांगाचा हाय."

तो म्हणाला, "मग? चहात साखर कमी हाय, ते सांग."

नंतर त्यानं मला येशूचं सांगितलं. विहिरीवर येशू तहानलेला बसला होता, आणि जिच्या भांड्याला त्याचे लोक हात लावत नव्हते, त्याच बाईकडं त्यानं पाणी मागितलं. बस, एवढंच सांगितलं. मी रडलो. मला चमत्कार नको होता, स्वर्ग नको होता. हातात भांडं देणारा देव मला आजवर कुणी दाखवला नव्हता. त्या दिवशी मी ख्रिस्ती झालो. पाण्यात बुडवून बाप्तिस्मा नंतर दिला, तो पाळकसाहेबांनी.

दारू सुटली. मग गावोगाव साक्ष द्यायचं काम लागलं. साक्ष म्हणजे, मी कोण होतो आणि येशूनं माझं काय केलं, ते पिणाऱ्या माणसांपुढं बोलायचं. मला ते जमायचं. माणसं ऐकायची, कारण मी त्यांच्यातलाच. दुसऱ्याला सांगताना माझी स्वतःची दारू लांब राहायची. या कामावर मी उभा होतो. ते गेलं तर मी पडेन, याची मला लई भीती होती. पाळकसाहेबांना ही भीती चांगली ठाऊक होती. म्हणून आधी नुसतं बोलायला सांगितलं, मग जुना फाटका शर्ट घालून बोलायला सांगितलं आणि शेवटी, साक्षीत ओंजळीचं ऐकून, तांब्या आला.

त्या दिवशी हॉलमध्ये बायकांच्या बाजूला माझी बायकोही बसली होती. घरी आल्यावर तिनं भाकरी वाढली, पाण्याचा ग्लास भरून पुढं ठेवला आणि म्हणाली, "घरी गिलासानं पिता की. तिथं हात का पुढं केलं?"

मला लाज वाटली. नंतर राग आला, आणि तो आजही उतरलेला नाही.

पुढची सभा जळकोटला होती. हायवेच्या कडेला मंडप, माणसं भरपूर. पाळकसाहेब रंगात आले होते. "गुडघ्यावर बस," म्हणाले आणि तांब्या वर गेला.

मी उभाच राहिलो. म्हणालो, "गिलासात द्या."

ते हसले. "अरे, साक्ष दे. लोक थांबलेत."

"हीच साक्ष हाय, सायेब. दारू प्यालो, ते पाप माझं. ते म्या सांगतो, कुटंबी सांगतो. पर वंजळ धराय लावली, ते पाप बापूचं. तुमी दोनी पापं माझ्याच नावावर खपवता. तुमच्या पणजोबाला मिशनवाल्यांनी आमच्यासारख्याच मांगवाड्यातनं आणलं, हे तुमीच सांगता ना? मग त्यांनीबी धरलीच असंल की वंजळ. त्यांनी कुठं दारू पिली होती?"

माइक बंद झाला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी घड्याळाकडं बघितलं. गाणाऱ्यांना खूण झाली आणि त्यांनी टाळ्या वाजवत स्तुतीचं गाणं उचललं.

मंडपाच्या मागं पाळकसाहेबांचं तोंड लाल झालं होतं. "गर्व चढलाय तुला. गटारातून उचलला आम्ही. उद्यापासून साक्ष बंद. संगत सुटली की महिन्यात पिशील, आणि आमच्याच दारात येशील."

तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मऊ, बायबलला चामड्याचं कव्हर. आणि शेवटी बोलले ते बापूसारखंच, वरून. मला वाटलं होतं मला रडू येईल. आली ती किळस.

आता बाजाराच्या दिवशी मी येरमाळ्याला देशी दारूच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं बसतो. पाण्याचा माठ आणि स्टीलचे दोन ग्लास. गावातले लोक जाता-येता "बाटग्या" म्हणतात. चर्चच्या मंडळीतले लोक मान वळवून जातात. जो कापत येतो, त्याच्या हातात ग्लास देतो. त्याच ग्लासानं मीही पितो. मग त्याला ऐकायचं असेल तर येशूचं सांगतो. नसेल ऐकायचं तर पाणी पिऊन जा, बाबा. पाण्याच्या बदल्यात येशू गळ्यात घालायचा धंदा माझा नाही.

मध्यंतरी माझ्याच जोडीचा हलगीवाला आला. माझ्यापुढं उकिडवा बसला आणि सवयीनं ओंजळ धरली.

"वत," म्हणाला.

"गिलास धर."

"हात कापतेत. सांडंल."

"सांडू दे."

त्याला राग आला. शिवी दिली. मी ग्लास पुढं धरून बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं घेतला. अर्धं पाणी मांडीवर सांडलं, अर्धं तो प्याला. ग्लास माझ्याकडं देताना त्यानं तो आधी धोतरानं पुसला. मी त्याच्या हातून काढून घेतला, तसाच भरला आणि प्यालो.

पाळकसाहेब अजून वाट बघत असतील, मी पिऊन त्यांच्या दारात येईन म्हणून. बघू द्या. मी पिणार नाही. आणि उद्या पाय घसरलाच, तर येडशीचा म्हातारा आता केंद्र सोडून आपल्या घरी राहतो, त्याच्याकडं जाईन, त्याचा उष्टा चहा पिईन, पुन्हा उठेन आणि याच रस्त्याच्या कडेला येऊन बसेन. येशूचं नाव मी सोडणार नाही, ते काही पाळकसाहेबांच्या मालकीचं नाही. माझी साक्ष ज्याला ऐकायची त्यानं माझ्यासमोर खाली बसायचं. तांब्या घेऊन माझ्या डोक्यावर उभं राहायचं नाही. तो कोणी असो, तांब्यात काहीही असो, ही ओंजळ आता पुढं येणार नाही.