दुपारची जागा

पेणच्या जुन्या मंडईच्या नावाने उसासे टाकणाऱ्या माणसांशी माझं कधी पटलं नाही. त्यातली बहुतेक माणसं तिथे पिशवी घेऊन जाणारी. टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांपैकी कुणी उसासा टाकलेला मी तरी ऐकला नाही. पत्रे गळत होते, पायाखाली काळा चिखल असायचा, आणि चिखलात पाय ठेवून बसलेल्या बाईकडे आपण पालेभाजी ताजी आहे का म्हणून विचारायचो.

मी रोह्याचा. वडील कंपनीत शिफ्टला होते आणि मी तीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. कुठेही नवा स्लॅब पडला की मला आनंद होतो, हे मी लपवत नाही. आमच्याकडे कुंडलिकेच्या काठाने फरसबंद वाट झाली, बाकडी आली, दिवे आले. वडील जन्मभर त्याच काठाने सायकल हाणत कामावर गेले, पण नदीकडे बघत निवांत बसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते त्या बाकड्यावर. तेव्हापासून विकास या शब्दाला कुणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं.

पेण तर डोळ्यांदेखत वाढलं. हायवेच्या कडेला जिथे भातखाचरं होती तिथे सात-सात मजले उभे राहिले, बाल्कन्यांत कपडे वाळायला लागले, आणि सकाळच्या गाडीला उतरणारी माणसं कमी, चढणारी जास्त झाली. एवढ्या माणसांना भाजी लागणार. बाजाराचा रस्ता रुंद करायचा, जुनी मंडई पाडायची आणि त्याच जागेवर उंच छपराची, हवेशीर, सिमेंटच्या ओट्यांची नवी मंडई बांधायची, असं ठरलं. नकाशे काढायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. सरांनी ते माझ्यावर सोपवलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पहिलं काम बसणाऱ्यांची यादी करण्याचं. मंडईत बोर्ड लावला, रिक्षावरून भोंगा फिरवला: बुधवारी सकाळी नऊ वाजता सर्वांनी आपापल्या जागेवर हजर राहावं. मी टेप, खडू आणि मोबाईल घेऊन गेलो. प्रत्येक जागेपुढे खडूने नंबर लिहायचा, नाव विचारायचं, जागेसकट फोटो काढायचा. एक जागा, एक नाव, एक ओटा. नियमच तसा होता.

सतरा नंबरला एक मिठवाली बसली होती. धरमतरकडच्या खाडीकाठच्या गावातली, साठीच्या आसपासची, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं. पुढ्यात खडेमीठ, चिंच आणि एका गोणपाटावर सुकट. तिचं मिठागरातलं मीठ घेण्यासाठी बिल्डिंगमधल्या बायकासुद्धा थांबायच्या. मी फोटो काढला, तशी तिने विचारलं, "आनी दुपारचा कवा लिवशील, बाबा?"

"दुपारी यायची गरज नाही, मावशी. सगळं आत्ताच होतंय."

"सगला होतंय ना? मंग बरा."

मी पुढे सरकलो. साडेअकराला यादी पूर्ण झाली. इतक्या लवकर काम उरकल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो, आणि रोह्याला परतताना निडी स्टेशनला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून भजी घेऊन ती खुशी साजरीही केली.

महिन्याभराने गटाराची लेव्हल पुन्हा तपासायची होती म्हणून मी मंडईत गेलो, आणि या खेपेला गेलो दुपारी एकला. सतरा नंबरच्या जागेवर दुसरीच बाई बसली होती. मिठवालीपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, कपाळावर ठसठशीत कुंकू, पुढ्यात वालाच्या शेंगा आणि वांगी. शेजारी सोळा नंबरला सकाळी कोथिंबीरवाली होती, तिथे आता पावटेवाली. मी मागेपुढे बघितलं. निम्म्याहून अधिक जागांवर अनोळखी चेहरे.

"तुम्ही इथे कशा बसलात?" मी वालवालीला जरा दरडावूनच विचारलं. माझा आवाज असाच आहे, बायको रोज सांगते.

"कशी म्हंजे? माझी जागा हाय."

"ही जागा दुसरीच्या नावावर आहे."

"ती सकाळची. मी दुपारची. वीस वर्सं झाली."

मग तिने सांगितलं ते असं. ती गागोद्याच्या बाजूची. सकाळी शेतावरून शेंगा तोडून तिथली एसटी पकडली की पेणला पोचेपर्यंत बारा वाजतात. मिठवाली पहाटेच्या टेम्पोने येते आणि बाराला परत जाते. जायच्या आधी ती आपली गोणपाटं गुंडाळते, तांब्याभर पाणी ओतून जागा धुते, म्हणजे सुकटीचा वास वालाला लागू नये. मग मधोमध एक काळा गुळगुळीत दगड ठेवते. दगड आहे म्हणजे जागा कुणाची तरी आहे. एसटी अर्धा तास उशिरा आली तरी भर बाजारात त्या दगडाच्या जागी कुणी बूड टेकत नाही. खाडीकडच्या सकाळच्या आणि आतल्या गावांतल्या दुपारच्या, अशा बायकांच्या जोड्या पूर्वीच लागल्या होत्या. एकीची सासू गेली की तिची सून त्या वेळेला येऊन बसायची. कागद कुठेच नव्हता.

"अहो, पण मग त्या बुधवारी सकाळी का नाही आलात?" मी वैतागून म्हणालो. "भोंगा फिरला होता. आपापल्या जागेवर हजर राहा म्हणून."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललोय.

"सकाळी माझी जागा कुठं अस्ती? सकाळी येऊन बसले अस्ते, तर तिची जागा मागायला आले असं नसतं झालं?"

आणि लगेच, शेंगा निवडता निवडता, "माझा नंबर काय मग?"

तिला नंबर नव्हता. तिच्यासारख्या दुपारच्या एकीलाही नव्हता. यादी मंजुरीला गेली होती. नियमात असंही होतं की ओट्यावर नाव असलेल्या बाईने दुसऱ्या कुणाला बसवलं, तर तिचाही ओटा रद्द. म्हणजे नवी मंडई उघडायची त्या दिवशी या बाईची वीस वर्षांची जागा संपणार होती, आणि ती मी संपवली होती, साडेअकरापर्यंत, खडूने. मी तिला सांगितलं, "बघतो." याच्याइतका नालायक शब्द दुसरा नसेल.

त्या दिवशी मी भजी घेतली नाहीत.

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते स्क्रीनवरच्या माझ्या नकाशाकडे वळले. "आपण मंडई मोजली," ते म्हणाले, "पण सकाळची." मग त्यांनी सांगितलं की हरकती ऐकायची तारीख अजून बाकी आहे, बायकांना तिथे यायला सांग. पण त्यांनी एक अडचणही दाखवली. दुपारचीने हरकत घेतली तरी सकाळचीला विचारणार, जागा तुझी एकटीची का? ती हो म्हणाली की विषय संपला. आणि ती नाही कशाला म्हणेल? पक्का ओटा, स्वतःच्या नावाचा, दिवसभराचा. कोण सोडेल?

मी स्वतः सोडला नसता. खरं सांगतो.

सुनावणीला बाजाराजवळच्या एका हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. अधिकारी म्हणून आल्या होत्या त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या. दुपारच्या बायका मागच्या रांगांत अंग चोरून बसल्या होत्या. वालवालीला पुढे बोलावलं. तिने आपलं सांगितलं, पण अगदी हळू, कारण शेजारीच सतरा नंबरची मिठवाली उभी होती आणि तिच्या तोंडावर तिच्या जागेत वाटा मागायचा म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मिठवालीचा मुलगाही आला होता. तो आईच्या कानात काहीतरी पुटपुटत होता. गप्प राहा म्हणत असणार.

अधिकारी बाईंनी नियम वाचून दाखवला, दुसऱ्याला बसवलं तर ओटा रद्द, हेही वाचलं. मग विचारलं, "आजी, ही जागा तुमची एकटीची आहे का?"

मिठवालीने मुलाचा हात दंडावरून बाजूला केला. "सकाल माजी हाय," ती म्हणाली. "दुपार माजी नाय. जी माजी नाय ती मी कशी घेऊ?"

"पण मग तुमचाही ओटा जाऊ शकतो. कळतंय ना?"

"कल्ला. आमच्या खारीन बांधाला खांड परून खाडीचा पानी घुसला तर शेत कोनाचा बुरतंय ते कोन बगत नाय. घरटी एक मानूस बांध बुजवाला जातो. ही माजे जागंवर वीस वर्सं हाय. मी आजारी परले तवा माजा मीठ हिनी विकला. आता ओटा भेटतंय म्हनून हिला उठवू?" आणि मग, "मना अर्दाच दिवस लिवा. पुरे हाय मना."

मग सोळा नंबरची कोथिंबीरवाली उठली आणि म्हणाली, माझाबी अर्धाच. मग बावीस नंबरची. मग एकेक करत सकाळच्या सगळ्याच उभ्या राहिल्या. मला त्या क्षणी त्या बायकांचा इतका अभिमान वाटला की जणू त्या माझ्याच घरच्या. आणि स्वतःची लाजही वाटली, तेही लिहून टाकतो.

अधिकारी बाईंनी हातातला नियमाचा कागद बाजूला ठेवला. "नियमात एक नाव म्हटलंय," त्या म्हणाल्या. "एका वेळेला एक नाव, असं मी वरती लिहून पाठवते. तिथे काय बोलायचं ते मी बोलेन." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही यादी पुन्हा करा. सकाळीही जा, दुपारीही जा." असे अधिकारी असतात. मी बघितलेत. लोक उगाच सगळ्यांना एका माळेत ओवतात.

वरून होकार यायला अडीच महिने लागले. तेवढ्या दिवसांत मी यादी पुन्हा केली, दोन रकान्यांची. ओट्याचा नकाशाही बदलला. आधी खाली सामान ठेवायला एकच कप्पा होता, त्याचे दोन केले, दोन दारं, दोन कड्या. सुकटीचा कप्पा मी मुद्दाम गटाराच्या बाजूला घेतला. ओटे धुतलेलं पाणी कुठे जाईल हे या वेळी मी संगणकाला नाही विचारलं. मिठवालीला विचारलं. मिठागरात पाणी खेळवण्यात जन्म गेलेली बाई ती. तिने जमिनीवर चिंचोक्याने रेघ मारून दाखवली. मी तसाच उतार दिला. आजतागायत तिथे पाणी तुंबलेलं नाही, आणि त्याबद्दल माझं कौतुक झालं की मी ते मुकाट्याने घेतो.

मंडई उघडली तो दिवस मी विसरणार नाही. छपराखालच्या झरोक्यांतून स्वच्छ ऊन येत होतं, खाली फरशी कोरडी, समोरचा रस्ता एवढा रुंद की एसटी आणि हातगाडी एकमेकींना शिव्या न देता जात होत्या. फीत कापायची वेळ सकाळी दहाची होती. सगळ्या बायकांना, सकाळच्या आणि दुपारच्याही, बोलावलं होतं. आतल्या गावांतल्यांसाठी खास टेम्पो केला होता. ओट्या-ओट्यावर नंबर आणि जोड्यांच्या ओट्यांवर त्याखाली दोन-दोन नावं रंगवली होती. सतरा नंबर बघायला मी सगळ्यात आधी गेलो.

मिठवाली ओट्यावर बसली होती, नवं लुगडं नेसून. वालवाली तिथे नव्हती. मी शोधलं तर ती बाहेर, गेटाच्या खांबाला टेकून, टोपली पायाशी ठेवून उभी.

"मावशी, इथे काय करताय? आत चला. तुमचं नाव लिहिलंय तिथे."

"बघितलं," ती म्हणाली. डोळे पाणावले होते, पण हसत होती. "लई झ्याक झालंय, भाऊ."

"मग बसा की जाऊन."

तिने मंडईच्या नव्या घड्याळाकडे बोट केलं. "अजून बारा कुठं वाजलेत?"

मी तसाच आत गेलो आणि मिठवालीला सांगितलं. ती ओट्यावरूनच ओरडली, अख्ख्या मंडईला ऐकू जाईल अशी.

"अगो, ये गो! बाहेर कनाला उबी? आजची सकाल दोगींची हाय!"

वालवाली पदर सावरत आली. मिठवालीने आपलं गोणपाट ओढून घेतलं, काळा दगड उचलून मांडीवर ठेवला आणि बाजूला सरकली. तो ओटा मी एका माणसाच्या मापाचा काढला होता. दोघी बसल्या.