दिवेलागणीची टकटक

“आत आहे ना कोणी? का रिकाम्या घराला विचारतोय आपण?”

“आहे हो. पोरगी आहे तिची. तोंड उघडत नाही, इतकंच.”

“मग कडी तरी काढ म्हणावं. हात गळाले माझे. मरियामाता काय हलकी आहे का!”

मी दाराच्या आत, कडीवर हात ठेवून उभी होते. बाहेर आमच्या भागातल्या सात-आठ ख्रिस्ती बायका होत्या. नाताळच्या आधीचे नऊ दिवस आमच्याकडे मरियामातेची मूर्ती घरोघर फिरते. बेथलेहेमात तिला कुणी जागा दिली नाही, म्हणून. रोज दिवेलागणीला एका घरून दुसऱ्या घरी. बाहेरच्यांनी तीनदा टकटक करायची आणि विचारायचं, “घरात जागा आहे का?” आतल्याने म्हणायचं, “आहे. आत या.” मग दार उघडायचं.

मला एवढंच म्हणायचं होतं. आई चाकणला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे, त्या महिन्यात तिची सेकंड शिफ्ट होती. दुपारी बसला जाण्याआधी तिने ते माझ्याकडून दोनदा म्हणवूनही घेतलं होतं. पण माझी शाळा कॉन्व्हेंटची, प्रार्थना पाठ झाल्या त्या इंग्रजीत, आणि नोकरी अशी की दिवसभर घरी बसून अनोळखी लोकांच्या प्रश्नांना चॅटवर उत्तरं टाइप करायची. माझा आवाज आईशिवाय फारसा कुणी ऐकलेला नाही. कुणी त्याची वाट बघतंय असं कळलं की तो घशातच बसतो.

त्यांनी पुन्हा विचारलं. मी काही न बोलता कडी काढली.

बायका आत आल्या, जपमाळ झाली, गाणं झालं, चहा झाला. जाताना एकीने माझा गालगुच्चा घेतला. “पुढच्या वर्षी तरी बोल गं बाई.”

मूर्ती टीव्हीशेजारच्या स्टुलावर राहिली. प्लास्टरची, दोन-अडीच फुटांची. उजवा हात छातीपर्यंत उचललेला, बोटं जराशी आत वळलेली. इतकी वर्षं लोकांनी हात लावून लावून त्या बोटांच्या सांध्यांवरचा रंग उडाला होता, नुसतं पांढरं प्लास्टर दिसत होतं. झिरोच्या दिव्यात मला वाटलं, ही नुकतीच कुणाचं तरी दार वाजवून आलीय.

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या घरी जायची होती. पण त्या घरातले लोक कुणीतरी आजारी म्हणून तातडीने संगमनेरकडे गावी गेले. आमच्या प्रार्थनासमूहाच्या बाईंचा आईला फोन आला, “पुढची घरंही गावी चाललीत, आता नाताळपर्यंत तुमच्याकडेच राहू दे. बरं झालं, तुमच्या पोरीला सोबत.”

त्याच संध्याकाळी साडेसहाला टकटक झाली. तीनदा, सावकाश.

आमची बिल्डिंग मोशीच्या पुढे आहे, नवी. मजल्यावर चार फ्लॅट, त्यातले दोन अजून विकलेलेच नाहीत. आमच्या समोर एक कुटुंब राहतं, नवरा-बायको दोघंही कंपनीत, कधी लिफ्टमध्ये भेटले तर मान हलवण्यापुरती ओळख. पॅसेजमध्ये सेन्सरचा दिवा आहे. माणूस हलला की लागतो, अर्ध्या मिनिटाने विझतो. मी दाराच्या भिंगाला डोळा लावला. बाहेर काळोख होता. म्हणजे तिथे कुणी आलेलं नव्हतं. कुणी आलं असतं तर दिवा लागला असता.

मी मागे वळून मूर्तीकडे पाहिलं नाही. वळायला हवं होतं, पण नाही वळले.

त्यानंतर रोज. सूर्य मावळला, रस्त्यावरून नव्या कोऱ्या गाड्या लादलेल्या ट्रेलरांची रांग सुरू झाली, की साडेसहाच्या सुमाराला तीन टकटक. कधी मध्ये इतका वेळ जाई की तिसरी होणार नाही असं वाटे. मग व्हायची. भिंगातून रोज तोच काळोख.

मी घाबरट आहे, पण मूर्ख नाही. पाइप असेल, लिफ्टचा आवाज असेल, असं मीही स्वतःला सांगितलं. पण पाइप मोजून तीन वेळा वाजत नाही. मनात खोल कुठेतरी मला कारण माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. एक प्रश्न रीतीप्रमाणे विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर दिलं गेलं नव्हतं. कडी काढणं म्हणजे उत्तर नव्हे. म्हणून तो प्रश्न परत परत येत होता. नाताळआधीचा आगमनकाळ म्हणजे वाट बघण्याचा काळ, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलं. वाट बघायला मला आवडतं, त्यात बोलावं लागत नाही. पण या वर्षी दाराच्या पलीकडे कुणीतरी माझी वाट बघत होतं, आणि ते सहन होत नव्हतं.

आईला मी सांगितलं नाही. ती रात्री थकून यायची. नाताळआधीच्या शनिवारी मी कन्फेशनला गेले तेव्हा जाळीआडच्या फादरना मात्र सांगितलं. कुजबुजत, इंग्रजीत.

“रोज येतो आवाज?” त्यांनी विचारलं.

“रोज.”

“दार उघडून बघितलंस?”

“भिंगातून बघते.”

ते जाळीजवळ सरकले. मग हसू दाबत म्हणाले, “बाळ, देवाला भिंगातून बघू नये. तो फार बारीक दिसतो.” आणि प्रायश्चित्त म्हणून दहा मरियावंदना सांगितल्या. त्या मी मूर्तीकडे पाठ करून म्हटल्या.

नाताळला आईच्या कंपनीत सुट्टी नसते. तिने रजा टाकली होती. चर्चमध्ये सकाळची मिस्सा झाली, मटण झालं, दुपारची झोप झाली. संध्याकाळी तिने करंज्या, शंकरपाळी आणि केकचा तुकडा असं ताट भरून वर रुमाल घातला. “समोर देऊन ये.”

“तू जा ना.”

“मी कढई घासतेय. नाताळ मुबारक म्हण आणि ये. तेवढं म्हटल्याने जीभ झिजत नाही.”

सव्वासहा होऊन गेले होते. मी पॅसेजमध्ये आले, दिवा लागला. समोरच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. भलंमोठं, पितळी. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बोलायचं टळलं. तरी लगेच परत गेले तर आई म्हणेल की नीट बघितलंच नाहीस, म्हणून मी ताट धरून तशीच जरा वेळ उभी राहिले. अगदी स्थिर. इतकी, की सेन्सरला मी दिसेनाशी झाले आणि दिवा विझला.

त्या काळोखात माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर टकटक झाली.

एक. दोन. आणि बऱ्याच वेळाने, तीन.

आवाज कुलूप लावलेल्या दारातून आला होता. आतून. मग लाकडाला अगदी ओठ लावून बोलल्यासारखा, झिजलेला, बाईचा आवाज आला. “जागा हाय का?”

मी हलले असणार, कारण दिवा लागला. कुलूप तसंच होतं, कडीत अडकवलेलं. मी घरात पळाले. ताटातल्या दोन करंज्या पॅसेजमध्ये पडल्या.

“काय झालं?” आई म्हणाली.

“कुलूप आहे.”

“अगं मग म्हातारी असेल ना आत. समोरच्याची आई.”

दोन वर्षं आम्ही समोरासमोर राहत होतो. त्या घरात तिसरं माणूस आहे हे मला माहीत नव्हतं.

“त्याची बायको माझ्याच बसला असते,” आई कढई विसळत म्हणाली. “दोनला ही निघते, साडेसातला तो येतो. तेवढा वेळ म्हातारीला कोंडून जातात. तिकडं परभणीकडून आणलीय, नवरा गेल्यावर. काही लक्षात राहत नाही तिच्या. गावी जाते म्हणून निघाली, तर आळंदी रस्त्याला सापडली, अनवाणी. ट्रेलरखाली आली असती म्हणजे? तो काय हौसेने कुलूप लावतो का?”

“ती दार वाजवते.”

“वाजवत असेल.”

“ती जागा आहे का विचारते, आई.”

आईचा हात थांबला. मरियामाता आली त्या संध्याकाळी बायका या पॅसेजमध्येच उभ्या होत्या, खणखणीत आवाजात विचारत होत्या. त्या दाराआडून कुणीतरी ते ऐकलं होतं. पुन्हा पुन्हा ऐकलं, कारण उत्तर येत नव्हतं.

मला वाटलं होतं, आता भीती जाईल. ती वाढली. भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला आपलं उत्तर लागत नाही. आता रोज साडेसहाला मला माहीत असायचं की वाजवणारे हात कुणाचे आहेत, आणि मी आमच्या दाराआड उभी राहायचे, ती तिच्या. मध्ये आठ पावलांचा पॅसेज, ज्यात दिवा लागत नव्हता. दार वाजलं की आपण उघडायचं, असं सगळी प्रवचनं सांगतात. त्यात दार आतून बंद आहे असंच सगळे धरून चालतात. वाजवणाराच आत कोंडलेला असेल तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी काही केलंही नाही. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मी फक्त ऐकलं. गव्हाणीत बाळ येशू आला होता, पण मूर्तीचं स्टूल अजून टीव्हीशेजारीच होतं, न्यायला कुणी आलं नव्हतं.

एकतीस तारखेला साडेसहा वाजले आणि टकटक झाली नाही.

पावणेसात झाले. खालच्या मजल्यावर कुणीतरी स्पीकरची चाचणी घेत होतं, मग तोही बंद झाला. मी चॅटवरच्या एका ग्राहकाला थांबायला सांगितलं आणि दाराशी गेले. सात वाजायला पाच मिनिटं. बारा दिवस जो आवाज नको वाटायचा, तो आज यावा म्हणून मी आता दाराला कान लावला होता. ती पडली असेल. ती गेली असेल. आत, कुलपामागे, आणि मी इथे, आठ पावलांवर, सगळं माहीत असून.

मी दार उघडलं. दिवा लागला. समोर गेले आणि मूर्तीसारखी बोटं वळवून तीनदा वाजवलं.

काही नाही.

पुन्हा वाजवलं. दिवा विझला, मी हात हलवला, तो लागला. मग उत्तर आलं, पण माझ्या कानाशी नाही. खाली, माझ्या पावलांजवळ, फरशीलगत. एक. दोन.

मी तिसऱ्याची वाट पाहिली. ती आली नाही. मी खाली बसले आणि तिसरी मी वाजवली.

दाराआड कुणीतरी हसल्यासारखं झालं. की खोकल्यासारखं. पुढे किती वेळ आम्ही तसं करत होतो कोण जाणे, ती दोनदा, मी एकदा. मला हाक मारायची होती. ‘आजी, लागलंय का?’ एवढंच. तोंड उघडत होते, मिटत होते.

लिफ्टचं दार उघडलं. तिचा मुलगा आला, पाठीला कंपनीची सॅक, हातात हेल्मेट. मला फरशीवर बघून दचकून मागे सरकला.

“आई गं! काय ताई, जीव घेता का?” मग त्याच्या लक्षात आलं मी कुठे बसले आहे, आणि त्याचा चेहरा बदलला. “कुणी कंप्लेंट केलीय का? सेक्रेटरीने पाठवलं?”

मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने गळ्यातल्या आयकार्डाच्या दोरीला अडकवलेली किल्ली काढली आणि कुलपात घातली. दार पुरतं उघडेना, ती त्याला टेकून बसली होती. फटीतून मला पांढरे केस दिसले, आणि एक हात. बोटांच्या सांध्यांवर सालटं निघालेली होती.

“बसून गेले रे बाबा, पाय भरून आले,” ती म्हणाली. मग फटीतून माझ्याकडे बघत, दार उघडं असताना, तिने फरशीवर तीनदा वाजवलं. “जागा हाय का, बाई?”

“रोजचं आहे हे,” तो ओशाळून म्हणाला. “कुठून शिकली काय माहीत.”

मला माहीत होतं. पॅसेजचा दिवा विझायला आला होता.

“आहे, आजी. आत या,” मी म्हटलं, आणि मग वर त्याच्याकडे बघून, “उद्यापासून किल्ली माझ्याकडे देत जा, दादा. मी दिवसभर घरीच असते.”