काचीगुड्याच्या डब्यातली कार्डं

तेजश्रीचं सगळं आयुष्य दोन खुर्च्यांत गेलं. सकाळी अफझलगंजात एका मराठी साप्ताहिकात बातम्या लिहायच्या, अन् मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर अर्धा तास मराठीतून बोलायचं. एकतीस वर्षं झाली, पण रेडिओवाल्यांनी कायम काही केलं नाही तिला. दर सहा महिन्याला करारावर सही करा, की पुन्हा सुरू. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, तर आठव्या दिवशी परत. मंगळवार चुकला असता ना.

आता थकली होती बाई. जिना चढला की पाणी प्यायल्याबिगर शब्द फुटायचा नाही. त्यात रेडिओवर नवे साहेब आले, रेड्डी. म्हणाले, महिन्याला ऐकणाऱ्यांची दहा पत्रं तरी दाखवा, नाहीतर मराठी बंद. आता लोक फोनवर ऐकतात, कार्ड कोण लिहितंय? पण साहेबाच्या फायलीला कागद लागतो.

मग हीच लिहायला बसली. सिकंदराबादची शैला, अफझलगंजचे भगवंतराव. एक अक्षर तिरकं, एक गोल, एक डाव्या हातानं. जन्मभर दुसऱ्याची बातमी दोनदा विचारून छापणारी बाई, खोटी कार्डं लिहायली. घर काचीगुड्याला; नवरा लक्ष्मणराव रेल्वेत, कामाला रोज सिकंदराबादला जाणार. त्यांच्या हाती द्यायची.

"जिथलं कार्ड तिथल्याच डब्यात टाका हो."

"टाकतो की. टपालवालाच केलास माझा."

महिना सरला तसं साहेबांनी बोलावलं. कार्डं टेबलावर मांडलेली.

"मॅडम, ये सब लोगां चिठ्ठी डालने काचीगुडा आते क्या?"

बघते तर दहाच्या दहा कार्डांवर काचीगुड्याचा शिक्का. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "मीच लिहिली साहेब."

"और ये?"

अकरावं कार्ड तिचं नव्हतं. बोली मराठी, पण अक्षरं सगळी तेलुगू. इथल्या पोरींना मराठी बोलता येतं, लिहिता कुठं येतं? साहेबच अडखळत वाचायले, अर्थ न कळता: "मावशी, तुमचा आवाज लई दमल्यावानी येतो. जरा आराम करा."

"क्या बोल रही?"

"थक गई बोल रही, साब."

साहेबांनी दहा कार्डं तिच्याच पिशवीत घातली, वर कळवलं नाही. पण म्हणाले, एका चिठ्ठीवर नाही चालत मॅडम, या महिन्यापुरतंच.

घरी येऊन तिनं नवऱ्याला विचारलं, "सगळी इथंच टाकली?"

"गुडघा बोलतो ग माझा. डबे शोधत कुठं हिंडू? डबा तर डबा."

भांडायचं तिच्या मनात होतं, पण घसा साथ देईना. "बंद केलं त्यांनी," एवढंच म्हणाली. लक्ष्मणरावांनी उठून चहा टाकला, साखर जास्तच पडली. तिनं पिऊन घेतला.

शेवटच्या शुक्रवारी तिनं ते एकच कार्ड वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "हो ग बाई, दमले." अन् पुढचं गाणं लावायला सांगितलं.