घरच्या लेकराला बोलावणं

मोठ्या बाबांचा चेहरा नीट पाहण्याआधी मला त्यांचा आवाज पाठ होता. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. एक्क्याऐंशी साली आम्ही मस्कतला गेलो तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांची होते, त्यामुळे जालना जिल्ह्यातल्या आष्टीजवळचं आमचं गाव, घर, माणसं सगळं डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. पप्पा तिथे एका कंपनीत फिटर होते. फोन परवडायचा नाही, म्हणून गावाकडून कोणी येणार असलं की त्याच्या हाती कॅसेट यायची. इतरांच्या कॅसेटींत रडणं आणि निरोप असत. आमच्या कॅसेटीत शाळा भरायची.

मोठे बाबा मास्तर होते, मराठी आणि इतिहास शिकवायचे. परदेशात पोरीची मराठी मोडेल, ही त्यांची काळजी. म्हणून टेपसमोर बसून ते मला बाराखडी, पाढे, म्हणी, पुढे पुढे तर व्याकरणसुद्धा शिकवायचे. एक ओळ म्हणायचे आणि सांगायचे, "आता तू म्हण." मग गप्प. मला म्हणायला वेळ मिळावा म्हणून तेवढी जागा मोकळी सोडायचे. त्या जागेत कोंबडा आरवायचा, पिठाच्या गिरणीची पुकपुक यायची, मोठ्या आईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातातलं भांडं पडायचं. मी मस्कतच्या तिसऱ्या मजल्यावर मांडी घालून मोठ्याने उत्तर द्यायचे. मग टेपमधून आवाज यायचा, "बराबर." मी चुकले तरी बराबरच, कारण त्यांना कुठे ऐकू येत होतं? पण हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी स्वतःला मराठीतली मोठी हुशार समजत होते.

कंपनीचं काम संपलं आणि आम्ही कायमचे परत आलो तेव्हा माझी सातवी झाली होती. पप्पांना जालन्याच्या एमआयडीसीत, सळया ओढणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली होती. जूनमध्ये हजर व्हायचं, तोवरचा उन्हाळा गावच्या घरी. घर एकत्रच होतं. आमची खोली इतकी वर्षं मोठ्या आईने रोज झाडून ठेवली होती.

गावात माझं काही खरं नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं की मोठ्या बाबांची कॅसेट बाहेर पडायची, आणि पोरं खिंकाळून हसायची. मला त्यांनी 'रेडिओ' नाव ठेवलं. त्या सगळ्या गलक्यात ओळखीचा होता तो एकच आवाज. मी दिवसभर मोठ्या बाबांच्या मागे मागे असायचे.

प्रश्न होता माझ्या आठवीचा. जालन्यात इंग्रजी शाळा निघाल्या होत्या, आणि मी शिकले होते इंग्रजीतून. इकडे मोठ्या बाबांची शाळा होती, एका खासगी संस्थेची, आठवी ते दहावी, पत्र्याचे वर्ग, मराठी माध्यम. तिथे जायचं तर मी गावातच राहणार, रोज त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत जाणार, आणि आईपप्पा रविवारी येणार. मला हेच हवं होतं. देवाला सांगून झालं होतं, फक्त माणसांना सांगायचं राहिलं होतं. आणि मला कोणी विचारत नव्हतं.

त्या शाळेचं एक होतं. इमारत संस्थेची, पगार सरकारचा. पण वर्गात पुरेशी पोरं नसली की तुकडी मोडायची. तुकडी मोडली की सगळ्यात शेवटी मान्यता मिळालेला मास्तर अतिरिक्त ठरायचा, आणि सरकार पाठवेल त्या गावी त्याला जावं लागायचं. मोठे बाबा सुरुवातीची कितीतरी वर्षं बिनपगारी राबले होते, त्यांना मान्यता सर्वांत उशिरा मिळाली होती. म्हणून दर उन्हाळ्यात ते पिशवी घेऊन वाड्या-वस्त्या हिंडायचे. सातवी झालेल्या पोरांच्या आईबापांना भेटायचे, हातापाया पडायचे, शाळा सोडल्याचे दाखले गोळा करायचे. दाखला हातात आला की पोरगं आपलं झालं. संध्याकाळी घामेघूम होऊन परत यायचे, ओसरीवर टेकायचे आणि चहा पिता पिता पप्पांना सांगायचे, "त्या तांड्यावरच्या पोरीचा बाप ऐकून न्हाई राह्यला. तीनदा गेल्तो. उद्या पुन्हा जाऊन येतो."

पप्पा ऐकून घ्यायचे. आणि मोठे बाबा उठून आत गेले की आईला म्हणायचे, "बघ. परक्याच्या दारात तीनतीनदा जातो. सख्ख्या भावाला एक शब्द न्हाई."

हे समजायला आमची भावकी माहीत असावी लागते. आमच्यात बोलावणं आल्याशिवाय कोणी कुठे जात नाही. पप्पांचे एक चुलते बोलावणं उशिरा आलं म्हणून सख्ख्या पुतणीच्या लग्नाला गेले नव्हते, आणि ही गोष्ट ते म्हातारपणी छाती फुगवून सांगत. मान म्हणतात त्याला. मी त्याला रोग म्हणते.

"दादानं एक शब्द टाकला तर मी दुसरी शाळा बघायचो बी न्हाई," पप्पा म्हणायचे. ते खरं होतं. त्यांना मोठ्या बाबांनीच शिकवलं होतं, फिटरचा कोर्स त्यांनीच करायला लावला होता. भावाने आपल्याकडे काहीतरी मागावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

आईला हे सगळं दिसत होतं. पण ती मोठ्या दिरासमोर डोक्यावरून पदर घेऊन उभी राहायची, तोंडाने बोलायची नाही. रीत होती. मस्कतमध्ये एकटी बाजार करणारी माझी आई त्या ओसरीवर मुकी व्हायची.

एके दिवशी मोठे बाबा मला सायकलवर शाळा दाखवायला घेऊन गेले. सुट्टी होती, वर्गात चिमण्यांनी काड्या पाडल्या होत्या. त्यांनी खिडकीजवळचा पहिला बाक स्वतःच्या रुमालाने पुसला आणि म्हणाले, "बस इथं. हितून फळा बराबर दिसतो." मी बसले. ते फळ्यापाशी गेले, वळले आणि माझ्याकडे पाहून हसले. इतकी वर्षं ते टेपला शिकवत होते, आता समोर मी होते. एवढा आनंद मला त्यानंतर फार थोड्या वेळा झाला आहे.

घरी येऊन मी पप्पांना सांगितलं, की मोठ्या बाबांनी मला माझा बाक दाखवला.

"पोराटोरांशी बोलणं अलग अन् भावाशी बोलणं अलग," पप्पा म्हणाले. "मला काय बोलला का?"

मे संपत आला. शेवटी एका संध्याकाळी पप्पांनीच आडून विषय काढला. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते.

"काय दादा, भरली का तुकडी?"

"भरली की," मोठे बाबा म्हणाले. "काही काळजी न्हाई आता." आणि समाधानाने त्यांनी बशीतला चहा फुंकला.

पप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी मान हलवली, "बरं झालं" म्हणाले, आणि उठले. आत येऊन आईला म्हणाले, "भरली म्हणे. आपल्या लेकराची गरज न्हाई त्याला. सकाळच्या गाडीनं जालन्याला जाऊ."

जालन्यात त्या दिवशी आम्ही तीन शाळा पाहिल्या. पहिलीत प्रयोगशाळा होती, पण कुलपात. किल्ली असणारे गृहस्थ लग्नाला गेले होते. दुसरीत मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी मला इंग्रजीत नाव विचारलं, मी जरा लांब उत्तर दिलं, तर त्यांनी घाईने चहा मागवला. तिसरीला ताजा गुलाबी रंग होता, स्वतःची बस होती आणि निळा टाय होता. पप्पा प्रत्येक ठिकाणी मस्कतच्या साहेबाशी बोलायचे तसं "येस सर, नो प्रॉब्लेम" म्हणत राहिले. एकदाही त्यांनी शिकवतात कसं, हे विचारलं नाही. त्यांचं लक्ष लागतच नव्हतं. तिसऱ्या शाळेत माझा दाखला टेबलावर ठेवताना त्यांनी तो जरा वेळ हातात धरून ठेवला. मग दिला.

संध्याकाळी परत आलो तर मोठे बाबा ओसरीवरच होते. पिशवीतून टायचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पप्पांकडे पाहिलं.

"जालन्याला नाव घातलं हिचं," पप्पा म्हणाले.

मोठ्या बाबांनी टायचं टोक पिशवीत नीट आत सारलं. मग म्हणाले, "चांगली शाळा हाय म्हणतेत. बस बी हाय तिला." आणि हातपाय धुवायला आडाकडे गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण गाव पाहत होतं. मस्कतहून आलेला सख्खा भाऊ लेकरू मास्तरच्या शाळेत घालत नाही, मंग आपण काहून घालावं, असं ज्यांची थोडीफार ऐपत होती ते म्हणू लागले. एकेक जण येऊन दाखला परत घेऊन गेला. मोठ्या बाबांनी कोणालाच अडवलं नाही. तुकडी मोडली, ते अतिरिक्त ठरले आणि त्यांना राजूरकडच्या एका शाळेत पाठवलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते राजूरला खोली करून हाताने स्वयंपाक करू लागले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की राजूरहून जालना, आणि जालन्याला गाडी बदलून गाव.

म्हणजे दर शनिवारी दुपारी ते जालन्याच्या स्टँडवर असायचे. आमचं भाड्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. माझी स्कूल बस स्टँडवरून जायची, आणि मला खिडकीतून ते दिसायचे, रेक्झिनची बॅग मांडीवर घेऊन कागदातला चिवडा खाताना.

एका शनिवारी मी चालकाला सांगून स्टँडवरच उतरले. टाय काढून दप्तरात कोंबला आणि त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "घरी चला ना, इथून जवळच आहे."

"येईन की," ते म्हणाले. "तुझ्या पप्पानं सांगितलं म्हंजे येतो."

मी घरी येऊन पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणाले, "दादाला मी काय सांगायचं? त्याचंच घर हाय. घरच्या माणसाला कुठं बोलावणं असतंय?"

त्या वेळी दोघांच्याही डोक्यात पाण्याचा तांब्या घालावासा वाटला मला. शाळेच्या वेळी पप्पांना बोलावणं हवं होतं, आता मोठ्या बाबांना हवं होतं, आणि पोरीने केलेलं बोलावणं दोघांच्याही हिशोबात धरायचं नव्हतं. मग मीच शनिवारी स्टँडवर उतरू लागले. मोठे बाबा विचारायचे, "काय शिकून राह्यलीस सध्या?" मराठी आता माझा एक विषय तेवढा उरला होता. मी पाठ्यपुस्तकातली कविता आठवायचे. ते म्हणायचे, "म्हण." मी म्हणायचे, मध्येच अडखळायचे, शब्द चुकवायचे. आता तर त्यांना ऐकू येत होतं. तरी ते म्हणायचे, "बराबर." मग गाडी लागायची आणि ते जायचे. घरी येऊन मी न्हाणीघरात रडायचे, कारण आईला सांगून काही होणार नव्हतं.

मी कॉलेजात असताना राजूरच्या खोलीत मोठ्या बाबांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जालन्याच्या दवाखान्यातून सोडल्यावर पप्पा त्यांना आमच्या घरी घेऊन आले. उंबऱ्यावरून त्यांना खुर्चीसकट उचलून आत घ्यावं लागलं. आमच्या घरात ते पहिल्यांदा आले ते असे.

मोठी आई उशाशी बसून होती. पप्पा पायाशी. आणि एकाएकी पप्पांच्या पोटातलं बाहेर आलं. "वहिनी, त्या टायमाला दादा एक शब्द बोलला असता, तर मी पोरगी दिली असती त्याच्या शाळेत. बिलकुल मागंपुढं पाह्यलं नसतं. पण त्याला गरजच नव्हती. भरली म्हणला."

मोठ्या आईने त्यांच्याकडे पाहिलं. तिला खरंच काही कळेना.

"भाऊजी, हिला धरूनच भरली व्हती ती," ती म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून कळलं तव्हाच पह्यलं नाव हिचं धरलं त्यांनी. मी म्हणले, भाऊजीला एकदा बोला. तर माझ्यावरच उखडले. म्हणले, आपल्या घरच्या लेकराला कशाचं बोलावणं? तो काय पाहुणा हाय का?"

पप्पांचा हात मोठ्या बाबांच्या पायावर होता, तो तिथेच राहिला. दहा वर्षं परदेशात राहून ते स्वतःला त्या घरचा पाहुणा समजून आले होते, आणि घर त्यांना घरचाच समजत होतं. आईने पदर तोंडाला लावला. मला खिडकीजवळचा तो बाक आठवला.

मग पप्पा सरकत उशाशी आले. रडत नव्हते, पण आवाज त्यांचा नव्हता. "दादा," ते म्हणाले, "पोरीला तुमच्या शाळेत घ्या." मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कोणी हसलं नाही. "ऐकून राह्यलात ना? तिला घ्या तुमच्या वर्गात. आता तुम्ही बोला."

मोठ्या बाबांचे डोळे उघडे होते. ते पप्पांकडे पाहत होते. ओठांची डावी बाजू जराशी हलली.

आम्ही सगळे थांबलो. रस्त्यावरून एमआयडीसीकडे टेंपो गेला, शेजारी कुकरची शिट्टी झाली, बाहेर कोणीतरी सायकल स्टँडवर लावली. मी लहानपणी टेपसमोर थांबायचे तशी थांबले होते, की आत्ता आवाज येईल, बराबर म्हणेल. पप्पा अजून वाकूनच बसले होते.