मंजुळाबाईंचा जळफळाट

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर मी आहे, असं दारावरच्या पाटीवर लिहिलंय. पाटीचं काही खरं नाही. मी मराठी शिकवते, रजेच्या अर्जांवर सह्या करते आणि संध्याकाळी आपल्या घरी जाते. हॉस्टेल चालवतात मंजुळाबाई. हुद्दा मेट्रनचा, पण त्या हुद्द्यानं त्यांना एकाही मुलीनं कधी हाक मारली नाही. सगळ्यांच्या त्या मावशी. मेहकर स्टँडवर उतरलेली नवी मुलगी गादीची वळकटी सांभाळत दारात आली की मावशी पहिल्यांदा विचारतात, जेवलीस का. त्यानंतर लगेच आईचा नंबर मागतात.

मावशींची एक पद्धत होती. रविवारी सकाळी त्या मागच्या पायरीवर तेलाची वाटी घेऊन बसायच्या. मुली एकेक करून पुढ्यात येऊन बसायच्या. डोक्यावर तेल थापताना मुलीचं तोंड भिंतीकडे आणि मावशींचं तिच्या भांगाकडे असायचं, त्यामुळे समोरासमोर जे निघालं नसतं ते आपोआप निघायचं. कुणाला मेसचं जेवण उतरत नाही, कुणाला घरची आठवण येते, कुणाची मैत्रिणीशी अबोला धरण्यापर्यंत गेलेली भांडणं. मावशी ऐकायच्या, वेणी घालायच्या आणि दुपारी मुलीच्या आईला फोन करायच्या. पोरीचं दुखणं आईपासून लपवणं त्यांच्या लेखी पाप होतं. मुलींनाही हे ठाऊक होतं. म्हणून पायरीवर बसून त्या घरी कळलं तरी चालेल एवढंच बोलायच्या. हे मला कळत होतं. मावशींना मात्र वाटायचं की हॉस्टेलमधल्या प्रत्येक मुलीच्या पोटातलं आपल्याला माहीत आहे.

मग विद्यापीठाचं पत्र आलं आणि त्यापाठोपाठ अदीबा आली. बुलढाण्याची पोरगी, मानसशास्त्रात एम.ए., समुपदेशक म्हणून नेमलेली. तिला द्यायला खोली नव्हती. शेवटी मावशींची ज्वारी-गव्हाची खोली रिकामी केली, भिंतींना पिवळा रंग दिला, दोन खुर्च्या टाकल्या. मावशींची ज्वारी जिन्याखाली गेली आणि तिथून भांडणाला सुरुवात झाली. भांडण एकतर्फीच होतं. अदीबाला बिचारीला पुष्कळ दिवस पत्ताच नव्हता.

टेबलावर नाक पुसायच्या कागदांचा डबा बघून मावशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "रडाले कागद कायले लागते? पोट्ट्याइच्या ओढण्या गेल्या कुठं?" दुसऱ्या दिवशी तक्रार होती की दुपारी पंखा चालू असतो. मग ती दार लावून घेते, चांगल्या घरची बाई दार लावून बोलते का. मी सरळ सांगितलं की मावशी, तुम्हाला मत्सर वाटतोय. त्या इतक्या गोड हसल्या की मीच ओशाळले. त्यांना फक्त ज्वारीची काळजी होती म्हणे.

मत्सर माणसाला भलताच कामाला लावतो. पिवळ्या खोलीसमोरचा व्हरांडा एवढा स्वच्छ त्यापूर्वी कधी नव्हता. मावशी तिथं झाडायच्या, पुसायच्या, लसूण सोलत बसायच्या. कोण आत गेलं, कितीदा गेलं, बाहेर येताना डोळे कसे होते, सगळं त्यांना पाठ. रविवारी पायरीवर गर्दी कमी व्हायला लागली तसा त्यांचा आवाज चढायला लागला. मेसमधल्या बायका त्यांच्या वाटेला जाईनाशा झाल्या.

त्यातून सुचिताचं प्रकरण झालं. सुचिता वडनेर भोलजीची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मावशींचा जीव या मुलीत विशेष. तिच्यासाठी भाकरीवर लोण्याचा गोळा मेसच्या नियमात न बसता यायचा. ही मुलगी दिवाळीनंतर बदलली. ताटात अर्धं टाकायची, रात्रभर कूस बदलायची आणि एक दिवस परीक्षेत कोरा पेपर ठेवून उठून आली. मावशींनी तेल लावताना विचारलं, दूध देताना विचारलं, शेवटी शपथ घालून विचारलं. सुचिता म्हणाली, काही नाही मावशी. आणि दुपारी पिवळ्या खोलीत गेली. पुढच्या आठवड्यातही गेली. तिथून परतल्यावर ती चक्क दोन पोळ्या खायची. याचा आनंद व्हायला हवा होता. मावशींना त्या पोळ्या दिसल्या की जिवाची लाही व्हायची.

एका सकाळी माझा तास चालू असतानाच शिपाई बोलवायला आला. हॉस्टेलच्या आवारात जीप उभी होती. सुचिताचे वडील शंकरराव आले होते आणि तिची गादी बांधून व्हरांड्यात ठेवलेली होती. त्यांना मुलीला कायमची न्यायची होती, म्हणून माझी सही हवी होती. सुचिता खांबाला टेकून उभी होती.

झालं होतं असं. मावशींनी सुचिताच्या आईला फोन केला होता. पोरगी मनाच्या डॉक्टरकडे जाते, दार लावून बसते, एवढंच सांगितलं. घरातून ही बातमी भावकीत गेली तोवर पोरगी वेडाच्या डॉक्टरकडे जाते अशी झाली होती. शंकरराव भांडायला आले नव्हते, घाबरून आले होते. शिक्षण बुडालं तर बुडालं, पण वेडी म्हणून नाव झालं तर या मुलीचं पुढे काय, हे ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. मी अभ्यासाचं बोलले, नव्या जमान्याचं बोलले. माझं बोलणं त्यांच्या डोक्यावरून गेलं. ते मावशींकडे वळले. सगळ्या पालकांचा विश्वास होता तो त्यांच्यावर.

"मावशी, फोन तुमीच केल्ता. आता खरं काय ते सांगा. माही पोरगी त्या खोलीत कायले जाते?"

आवारात सगळ्या मुली जमल्या होत्या. अदीबा आपल्या दारात उभी होती आणि तिला तोंड उघडता येत नव्हतं, कारण काहीही सांगितलं तरी सुचिताचं सांगितल्यासारखं झालं असतं. मावशींनी सुचिताकडे बघितलं, बांधलेल्या गादीकडे बघितलं. त्यांची खोली त्यांना परत मिळायला एक शब्द पुरला असता.

"ती नाई जात, मी जाते," मावशी म्हणाल्या. "मले झोप नाई, जिवाले चैन नाई. एकटीले भेव लागते म्हून पोट्टीले संग नेते. फोनवर सोताचं नाव घ्याची लाज वाटली, तिचं घेतलं."

शंकररावांचा विश्वास बसत नव्हता. एवढ्या खमक्या बाईला काय झालंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेव्हा अदीबानं दार पूर्ण उघडलं. "मावशी, या," ती म्हणाली. "बसू आपण."

आता मागे फिरायची सोय नव्हती. साऱ्या हॉस्टेलदेखत मंजुळाबाई पिवळ्या खोलीत गेल्या आणि दार लागलं.  शंकररावांनी मला हळूच विचारलं की बाईंना काही भारी दुखणं तर नाही ना. मग जीपमधून भुईमुगाच्या शेंगांची पिशवी काढून माझ्या हातात दिली, मावशींना द्या म्हणाले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गादी तिथंच ठेवून गेले.

आत काय झालं ते अदीबाच्या तोंडून आजतागायत एक अक्षर निघालेलं नाही. मंजुळाबाईंनी मात्र सगळ्यांना सांगितलं. त्यांचा बेत नुसता वेळ काढून उठायचा होता. अदीबानं पाणी दिलं आणि काही विचारलंच नाही. त्या शांततेत मावशींचं तोंड आपोआप सुटलं. म्हणाल्या, मले तुमचा राग येते. पोट्ट्या तुमच्याकडं येतात त माह्या जिवाची आग होते. फोन म्या सुचिताच्या भल्यासाठी नाई केला, तुमची खोली बंद पडावी म्हून केला. एवढं बोलून त्या रडल्या आणि डब्यातले कागद त्यांनी बरेच वापरले.

"हे मी कोणाला सांगणार नाही," अदीबा म्हणाली.

"सुचिताले सांगा लागंल."

"ते तुम्ही सांगा, मावशी."

बाहेर सुचिता गादीची दोरी सोडत होती. मावशी तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि फोन का केला ते जसंच्या तसं सांगितलं, मत्सरासकट. सुचिता रागावली नाही असं नाही. बराच वेळ ती दोरीच्या गाठीशी झटत राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुमी माह्यासाठी एवढ्या लोकात सोताले वेडी म्हनवून घेतलं. बसा. मले काय झालं ते आता तुमालेच सांगते."

इतके महिने मावशींनी याचीच वाट बघितली होती. व्हरांडा झाडला होता तो यासाठीच, आणि शपथा घातल्या होत्या त्याही यासाठीच. त्यांनी सुचिताचा हात धरला. मग सोडला.

"नको सांगू," त्या म्हणाल्या. "माह्या पोटात राहात नाई. उद्या मी तुह्या आईले सांगून मोकळी होईन. अदीबा मॅडमकडं जाय." आणि ती उठल्यावर मागून म्हणाल्या, "दार नीट लावून घेजो."